आज काय म्हणाला तो?

खामगाव
रविवार, ७ जुलै २०२४

रुपाली,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून पोस्टाने लिहिते आहे. नाशिकचा पत्ता तुझ्या लॅबमधल्या मैत्रिणीकडून काढला. तिला बोलू नकोस, गळ मीच घातली.

इकडे ठीक. पाळकसाहेब भाऊरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता ते खुर्चीत बसून उपदेश देतात, त्यामुळे उपदेश लांबतो. शनिवारची बैठक चालू आहे. इथवर वाचून तू कागद चुरगाळलास तर मला नवल वाटणार नाही. "ती पोरं किंवा मी," असं तू म्हणाली होतीस आणि मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेले होते. तू त्यालाच उत्तर समजलीस.

पण बंद कशी करणार होते? कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या वस्तीतली ती पोरं शनिवारी दुपारपासून चर्चच्या हॉलच्या पायऱ्यांवर येऊन बसतात. कोणी शाळेतून काढलेला, कोणी मोबाइल चोरून ठाणं पाहून आलेला, दोघे-तिघे पंक्चरचं सोल्युशन रुमालात घेऊन हुंगणारे. हॉल उघडला नाही तर ती रुळांकडे जातात. माझ्या कुलदीपची माती झाली त्याच्या पुढच्याच शनिवारी ती पायऱ्यांवर बसलेली होती. मी हॉल उघडला, पोहे केले. त्या दिवशी कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. तेवढं एकदा त्यांनी माझं ऐकलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गजेंद्र परत आलाय.

तू त्याचं नाव घेत नाहीस, पण मला घ्यावं लागतंय. त्याला घरात मीच आणला, हे तुझं म्हणणं खरं आहे. चौदा वर्षांचा होता. मी सरकारी दवाखान्यात नर्स असताना माझ्यासमोर आला तेव्हा स्वतःच ब्लेडने दंड चिरून घेतलेला होता आणि टाके घालताना हसत होता. दोन वर्षांत तो सोल्युशन सोडून वही घेऊन बसू लागला, आणि ते माझ्यापेक्षा कुलदीपमुळे झालं. कुलदीपला तो दादा म्हणायचा. मग तो अपघात. मोटारसायकल गजेंद्रच्या हातात होती आणि मागे बसलेला कुलदीप गेला. बाल न्याय मंडळाने जामीन दिल्यावर त्याच्या आईने, झुंबरबाईने, त्याला सुरतेला मामाकडे लावून दिलं होतं.

काल तो हॉलच्या फाटकाबाहेर उभा होता. आत आला नाही. मी बोलावलं नाही.

मम्मी


खामगाव
रविवार, २८ जुलै २०२४

रुपाली,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे तुझ्याकडे आहे.

गजेंद्र काल आत बसला. तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी मी सांगते. तीन शनिवार तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि तीनही शनिवार मी खिडकीकडे पाठ करून पोहे वाटले. मग मंगळवारी भाजीबाजारात झुंबरबाईने मला गाठलं. अपघातानंतर मी तिच्याकडून भाजी घेत नाही, पलीकडच्या रांगेतून घेते. ती आपलं दुकान तसंच टाकून रस्ता ओलांडून आली.

"सिस्टर," म्हणाली, "तो सायकलवरबी बसत नाई. जिकडं जाते तिकडं पायी जाते. रातभर डोळा लागत नाई त्याचा. पहिले तुमच्यापाशीच सुधरला होता तो. येऊ द्या ना त्याले."

नाही म्हणायचं असं मी मनात ठरवून ठेवलं होतं, रुपाली. शब्दसुद्धा ठरवले होते. पण तिच्या हाताला कोथिंबिरीची माती होती, आणि त्याच हाताने तिने माझं मनगट धरलं. माझी मान हलली.

तो दाराशी बसला. उंच झालाय. गालाची हाडं वर आली आहेत. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ज्यांना नको ती पोरं नेहमीसारखी बाहेर जाऊन उभी राहिली. गजेंद्र पूर्वी कधी बाहेर जायचा, कधी बसायचा. काल बसला. सबंध प्रार्थनाभर तो मान वळवून मागे पाहत होता. मागे नुसती भिंत आहे.

मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच नाही बोलले.

मम्मी


खामगाव
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

रुपाली,

हे पत्र बसून वाच.

काल पोरं गेल्यावर गजेंद्र सतरंज्यांच्या घड्या घालत होता. मी पातेलं घासत होते. मी विचारलं, "तू सारखा मागे काय पाहतोस रे?"

"काई नाई, सिस्टर."

"कोणी हाक मारतं का?"

तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत मी. हा प्रश्न कसा विचारायचा ते मला येतं. आवाज चढवायचा नाही, हातातलं काम थांबवायचं नाही. त्याच्या हातातली सतरंजी मात्र खाली पडली.

"दादा," तो म्हणाला.

मी नळ बंद केला.

"काय म्हणतो दादा?"

"थांब बे, माही चप्पल पडली."

घरात आपण नीट बोलायचो. बाहेर पोरांमध्ये कुलदीप अगदी असंच बोलायचा. मला तो समोरून ऐकू आला. गजेंद्रच्या तोंडून, पण तोच सूर, 'बे' वर तोच हेल.

मग त्याने सगळं सांगितलं. नाताळानंतर यायचं सोडलेल्या एका पोराला भेटायला दोघे पिंपळगाव राजाला गेले होते, तेवढं आपल्याला माहीत होतं. परतताना काय झालं ते कोणी विचारलंच नव्हतं. पोलिसांनी वेग विचारला, लायसन विचारलं.

"दादानंच गाडी देली चालवाले," तो म्हणाला. "मी म्हनलं लायसन नाई, तर म्हने, चाल रे, रस्ता खाली हाय. पुलाच्या अलीकडं मागून म्हनला, थांब बे, माही चप्पल पडली. मी मागं पाह्यलं. कुठं पडली म्हून पाह्यलं फक्त. पुढं कापसाची ट्राली उभी होती, सिस्टर. तिले लाइट नव्हता."

सुरतेला यंत्रमागाच्या खडखडाटातही त्याला तेच ऐकू येत होतं. झोपेला टेकला की ऐकू येतं. रस्त्याला लागला की ऐकू येतं.

तू म्हणायचीस की त्याने मस्तीत गाडी पळवली. पळवलीही असेल. मी तिथे नव्हते. पण माझ्या लेकाचा शेवटचा शब्द कोणता, हे मला दीड वर्षानंतर कळलं. चप्पल.

तुला वाटेल मी घाबरले असेन, किंवा त्या पोराची दया आली असेल. मला हेवा वाटला, रुपाली. या घरात मी एकटी राहते. मिक्सर बंद करून ऐकते, पंखा बंद करून ऐकते. त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवते. माझ्याकडे तो एकदाही आला नाही. गजेंद्रकडे रोज जातो.

मी गजेंद्रला म्हटलं, "उद्या घरी ये."

मम्मी


खामगाव
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

रुपाली,

तुझं उत्तर नाही, ते बरंच आहे. उत्तर येत असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं.

गजेंद्र रोज येतो. झुंबरबाई त्याच्याबरोबर भाजी पाठवते, पैसे घेत नाही. मी त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवते, ताट वाढते, आणि त्याने पहिला घास घेण्याआधीच विचारते, "आज काय म्हणाला तो?"

सुरुवातीला चप्पलच होती. मग हळूहळू वाढलं. एक दिवस तो नुसता हसला म्हणे. एक दिवस म्हणाला, थंडी वाजून राह्यली. त्या दिवशी मी कुलदीपचा निळा स्वेटर ट्रंकेतून काढून गजेंद्रला घातला. सप्टेंबरचा उकाडा आणि ते पोर गळ्यापर्यंत स्वेटर घालून माझ्यासमोर घामाने निथळत भाकरी खातंय. मी म्हटलं, "आता विचार, बरं वाटतं का त्याला." त्याने विचारलं. म्हणजे मागे वळून, भिंतीकडे पाहून विचारलं. मग म्हणाला, "हाव म्हनते."

मी नर्स होते. अठरा वर्षांचं पोर झोपत नाही, वाळत चाललंय, नसलेल्या माणसाशी बोलतंय, याचा अर्थ मला पहिल्या दिवशीच कळला होता. अकोल्याला अशा आजाराची डॉक्टर आहे. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, दवाखान्यातून मीच कितीतरी माणसं तिच्याकडे पाठवली. तिची गोळी सुरू झाली की पंधरा दिवसांत आवाज कमी होतो, कधीकधी थांबतो. म्हणूनच मी फोन केला नाही.

पाळकसाहेबांनी विचारलं, "सिस्टर, गजेंद्र बरा दिसत नाही. तुमच्याकडे येतो ना?" मी सांगितलं, येतो, आम्ही बोलतो, सुधारतोय. देवाच्या घरात उभं राहून सांगितलं.

आणि परवाचं. ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आज दादा म्हनला, सिस्टरले सांग, मी खुशाल हाय. सिस्टरच्या हातच्या भाकरीची याद येते म्हनला."

सिस्टर.

माझा मुलगा मला सिस्टर म्हणेल का?

मी त्याच्याकडे पाहिलं. तो भाकरीकडे पाहत होता. त्या दिवशी त्याला काही ऐकू आलं नव्हतं, किंवा तीच चप्पल ऐकू आली होती. बाकीचं त्याने माझ्यासाठी जुळवून आणलं होतं. रिकाम्या हाताने आलो तर ही बाई दार लावेल, अशी भीती त्याच्या मानेत दिसत होती. दवाखान्यात मारकुट्या बापासमोर पोरं अशी बसलेली मी पाहिली आहेत.

मला कळलं. कळल्यावर मी काय केलं, ते लिहिते. मी म्हटलं, "आणखी काय म्हणाला?"

मम्मी


खामगाव
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

रुपाली,

मंगळवारी सकाळी झुंबरबाई आली. टोपली नाही, डोक्यावर पदर नाही. आत येऊन तिने तो निळा स्वेटर माझ्या टेबलावर ठेवला.

"हे तुमचं," म्हणाली.

मी बस म्हटलं. ती बसली नाही.

"पहाटी उठून पाह्यलं तं पोरगं घरात नाई. हे दोरीवर टाकून गेला. पायातलंबी घरीच हाय. सिस्टर, तुमी त्याले काय करून राह्यल्या?"

"मी काय करणार?"

"मले शिकवू नका. तो घरी येते न् मले पुसते, माय, दादा आज काय म्हनला असंन? सिस्टरले काय सांगू? तुमचा गेला, मले मालूम हाय. त्याच्यासाठी मी किती रडली ते माह्या देवाले मालूम. पन माहा अजून जिता हाय ना! त्याले काऊन धाडता तुमच्या पोरापाशी?"

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. दारात जाऊन वळून म्हणाली, "तो कुठं गेला असंन, तुमालेच ठाव असंन."

मला ठाऊक होतं.

शेजारच्या इंद्रभानची ऑटो घेतली. मी आणि ती मागे बसलो, पिंपळगाव राजाच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर अपघातानंतर मी आलेच नव्हते. सोयाबीन निघून गेलं आहे, रानं मोकळी दिसतात, कापूस फुटलाय. झुंबरबाई दोन्ही बाजूंची शेतं पाहत होती. मी समोर पाहत होते. पुलापाशी इंद्रभानने न सांगता गाडी थांबवली.

तो रस्त्याखालच्या तुरीत होता. वाकून, हातांनी झाडं बाजूला सारत, ओळीओळीने पुढे सरकत होता. कमरेपर्यंत चिखल, पाय रक्ताळलेले. आम्हाला पाहून थांबला नाही.

झुंबरबाईने हाक मारली. त्याने ऐकलं नाही. मी हाक मारली तेव्हा मान वर केली.

"सिस्टर, मिळूनच नाई राह्यली. तो सारखा म्हनून राह्यला, चप्पल आन, चप्पल आन. इथंच पडली होती. मी आनतो तुमच्यासाठी, मंग तो चांगलं बोलंन. तुमच्याशीबी बोलंन."

माझ्यासाठी. मी बांधावरून खाली उतरले. तुरीत शिरले आणि त्याचे दोन्ही हात धरले. हात थंड होते, नखांत माती.

"गजेंद्र, त्याला आता चप्पल लागत नाही."

"पन तो म्हनते..."

"म्हणू दे. त्याची आई मी आहे. मी सांगते, शोधायची नाही. आणि आता मला त्याचा काही निरोप आणायचा नाही. काही ऐकू आलं तरी माझ्याकडे आणायचं नाही. कळलं?"

"मंग मी येऊ नको तुमच्याकडं?"

हे त्याने ज्या आवाजात विचारलं तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

"रोज ये," मी म्हटलं. "रिकामा ये."

तो खाली बसला. झुंबरबाई मातीत बसली आणि पदराने त्याचे पाय पुसू लागली. रस्त्यावरून दोन ट्रक गेले. त्याने मागे वळून पाहिलं नाही असं मी लिहिलं असतं, पण त्याने पाहिलं.

त्याच दुपारी अकोल्याला गेलो. डॉक्टरला मी सगळं सांगितलं, स्वेटरचंही सांगितलं. ती लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही नर्स होतात ना?"

मी हो म्हटलं.

परत आल्यावर पाळकसाहेबांकडे गेले. शनिवारची बैठक दुसऱ्या कोणाकडे द्या म्हटलं, मी त्या लायकीची नाही. ते खुर्चीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "लायक माणूस मिळेपर्यंत तुम्हीच उघडा, सिस्टर. पण आता एकट्या नाही. मी बसेन तिथे, पहिल्यापासून शेवटपर्यंत." आणि काल खरंच बसले. पोरांनी त्यांच्या दुखऱ्या पायाखाली उशी ठेवली.

मम्मी


खामगाव
रविवार, १५ डिसेंबर २०२४

रुपाली,

मधले दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं आणि मला ते घडू द्यायचं नव्हतं.

गोळ्या चालू आहेत. सुरुवातीला तो दिवसभर गुंगीत असायचा, झुंबरबाई त्याला भाजीच्या पोत्याला टेकवून बसवायची. आता उठतो, चालतो. दहावीला बाहेरून बसायचं म्हणतोय. घरी रोज येतो. मी वाढते, तो जेवतो. मी काही विचारत नाही. हे लिहायला सोपं आहे. प्रश्न ओठांपर्यंत येतो, म्हणून मी पाणी पिते. महिनाभर मी फार पाणी प्यायले.

काल बैठकीआधी तो आला. पाटावर बसला, पण ताटाला हात लावेना.

"सिस्टर, एक सांगू? तुमी नाई म्हनलं होतं सांगायचं."

"सांग."

"तो आता येत नाई. आठ-धा दिवस झाले. रस्त्यानंबी येत नाई, झोपीतबी येत नाई. तुमाले वाईट वाटंन म्हून सांगत नव्हतो."

मी उठून ओट्याकडे गेले. तिथे काही काम नव्हतं. ओट्याची कड धरली. आतून असं वाटलं की कुलदीपची माती आज झाली. त्या दिवशी लोक होते, गाणी होती, तू होतीस. आज मी एकटीच त्याला पोचवायला उभी होते.

"तुमाले राग तं नाई आला?" मागून तो म्हणाला.

"नाही रे. जेव. भाजी गार होतेय."

तो जेवला. भाकरी मागून घेतली. जेवल्यावर तिथेच भिंतीशी आडवा झाला आणि त्याला झोप लागली. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मी जवळ बसून राहिले. घरात काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्याचा श्वास. बैठकीची वेळ झाली तरी मी त्याला उठवलं नाही. हॉलची किल्ली पाळकसाहेबांकडे पाठवून दिली.

तिथे बसले असताना झुंबरबाईचं बोलणं आठवलं. माहा अजून जिता हाय ना, म्हणाली होती. मी मनात तुला लिहिलेली पत्रं उलगडून पाहिली. पाच पत्रं. पाचही कुलदीपची आणि गजेंद्रची. एकातही मी तुला विचारलं नाही, तू कशी आहेस. माती झाली त्या दिवशी सगळे मला धरून होते, तुला कोणी धरलं होतं ते मला आठवत नाही. तो तुझाही भाऊ होता. लहानपणी त्याच्यापेक्षा तूच त्याच्यासाठी जास्त मार खाल्लास. त्यानंतर तू कोणाजवळ रडलीस, की नाहीच रडलीस, ते मला माहीत नाही. मी पोरांना पोहे वाटत होते. तू बोललीस तेव्हा मला वाटलं, भांडतेस.

आता त्याच्याविषयी लिहीत नाही.

तिथे थंडी किती आहे? एकटी राहतेस की कोणी सोबतीला आहे? रविवारी उपासनेला जातेस, की ते सोडलंस? सोडलं असलंस तरी सांग, मी काही म्हणणार नाही. शिव्या लिहायच्या असतील तर शिव्या लिही.

आणि रुपाली, तुला झोप लागते का गं? तुलाही काही ऐकू येतं का? येत असेल तर काय ते मला सांगू नकोस. नुसतं हो म्हण. मी येते.

मम्मी